कमानीवरचं जर्मन वाक्य

पिंपरी, ३ ऑक्टोबर १९५५

ती. स्व. धर्माजीकाकांच्या चरणी रंगरावचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे मी, शालन व बाळ खुशाल आहोत. काकूंच्या गुडघ्यासाठी तिळाचं तेल धाडलं आहे. ते चोळायचं, भाकरीवर घ्यायचं नाही, असं शालनने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

काम असं. आमच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला पुढच्या महिन्यात दोन जर्मन फिटर येणार आहेत. त्यांच्यासाठी फाटकावर लोखंडी कमान उभी राहतेय. 'कामाने माणूस मुक्त होतो' ही ओळ आमच्या मॅनेजरसाहेबांना सुचली आहे, आणि कमानीवर ती त्यांना जर्मन भाषेत हवी आहे. माझे काका लढाईत कैद होऊन तीन वर्षं जर्मनीत होते, ते लिहून देतील, असं मी तोऱ्यात सांगून बसलो. तेवढी ओळ पाठवा. आहे ती माया असू द्यावी.

आपला, रंगराव

निघोजे, ७ ऑक्टोबर

चि. रंगरावास धर्माजीचा आशीर्वाद.

तेल पोचलं. काकूनं पहिल्याच दिवशी चटणीवर घेतलं, शालनला सांगू नको.

ती ओळ लिवून देत न्हाई. येत न्हाई म्हणून न्हवं. तीनच शब्द हायेत, मला पाठ हायेत. सायबाला त्याऐवजी स्वागताचे दोन शब्द दे, खाली इंग्रजी अक्षरात काढलेत. लेकराला पापा.

तुजा काका

पिंपरी, १० ऑक्टोबर

ती. स्व. काकांस सा. नमस्कार.

कारण न देता तुम्ही नाही म्हणालात, याचं वाईट वाटलं. साहेबांना तसं सांगायला जीभ रेटली नाही, काकांना ताप आहे असं सांगितलं. ते म्हणाले, मग पुण्यातल्या कॉलेजातल्या मास्तरांकडून घेऊ. मी अजून कायम झालेलो नाही, काका. कामाची थोरवी सांगणाऱ्या वाक्यात वाईट ते काय? आपण तरी जन्मभर दुसरं काय करतो? उलट टपाली लिहा. रागावलो असलो तरी तुमचाच आहे.

रंगराव

निघोजे, १४ ऑक्टोबर

चि. रंगरावास आशीर्वाद.

पंचेचाळीस साली अमेरिकी पलटणीनं आमची सुटका केली. ट्रकातनं जाताना म्युनिकच्या अलीकडं एका छावणीपाशी गाडी थांबली. रुळावर मालाचे डबे उभे व्हते, दारं उघडी. आत माणसं एकावर एक, नुसती हाडं, समदी मेलेली. अन् छावणीच्या लोखंडी फाटकात तुज्या सायबाचं वाक्य, त्येंच्या भाषेत, अक्षर न् अक्षर तेच. हिटलरच्या लोकांनी आणखीबी छावण्यांवर ते लावलं व्हतं. आत राबवून मारायचं, अन् दारात हे वाचायला लावायचं. मीबी कैदी व्हतो, मीबी राबलो. पण आमाला शिपाई म्हणून रेडक्रॉसचा खाण्याचा डबा यायचा. त्येंना कुणी न्हवतं.

सायबाच्या मनात पाप न्हाई, तुज्याबी न्हाई. मराठीत वाक्य चांगलं हाय, मराठीत लावा. त्या भाषेत ते आता चांगलं ऱ्हायलं न्हाई. हे पत्र सायबाला वाचून दाखव. नोकरी जाईल असं वाटलं तर नको दाखवू. पण मग मला त्या कमानीखालनं आत बोलवू नको.

तुजा काका

पिंपरी, २२ नोव्हेंबर

ती. स्व. काकांस शि. सा. नमस्कार.

पत्र मी आठवडाभर खिशात ठेवलं. शालनने सदरा धुताना काढून वाचलं आणि साहेबांना कधी दाखवणार, एवढंच विचारलं. दाखवलं. तापाचं खोटं होतं, तेही कबूल केलं. साहेब चिडले. म्हणाले, "पिंपरीत जर्मन वाचणार कोण?" मी म्हटलं, "जे येणार आहेत, ते दोघं." मग त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पहिल्यापासून वाचलं. पुण्याच्या मास्तरांना लिहायचं राहिलं. कमानीवर तुमचे स्वागताचे शब्द आहेत, खाली मराठी ओळ. मी कायम झालो.

पण गोष्ट तिथे संपली नाही. जर्मन फिटर आले. त्यातले थोरले लांगसाहेब, वय पन्नाशीचं, त्यांनी मोडक्या इंग्रजीत मला खालच्या ओळीचा अर्थ विचारला. खोटं एकदा बोललो होतो, पुन्हा बोलवेना. अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. मग मी तुमची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि आपल्या गावाचं नाव सांगितलं. ते गाव त्या छावणीपासून एकाच स्टेशनाच्या अंतरावर आहे, काका. तुम्हाला भेटायचं म्हणतात. रविवारी आणू का? नको असेल तर तसं कळवा, मी नीट सांगेन.

आपला, रंगराव

निघोजे, २५ नोव्हेंबर

चि. रंगरावास आशीर्वाद.

आण. तो कशापायी येतो मला ठाव न्हाई, त्येलाबी नसंल. काकू विचारती, तिखट चालतं का.

धा वर्सांत त्या भाषेतला शब्द तोंडातनं काढला न्हाई. काल बैलं सोडताना बोलून बघितलं. पाणी, पाव, थंडी, एवढेच शब्द आधी आले. त्येवढ्यावर बोलणं सुरू व्हईल. शालनला अन् लेकरालाबी संगं घेऊन ये.

वाट बघणारा, तुजा काका