बुधवारी न आलेली कचरागाडी

दि. २१ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. पथकप्रमुख,
नगर स्वच्छता पथक, पूर्व विभाग,
लिन-आन नगर, दक्षिण तैवान.

विषय : जप्त केलेले डीजेचे यंत्र बालदेव तिसऱ्या राजकुमाराच्या जन्मोत्सवापूर्वी, म्हणजे २९ ऑक्टोबरच्या आत, परत मिळण्याबाबत, तसेच हमीपत्रावर सही करणार नसल्याबाबत.

संदर्भ : १) आपली दि. ९ ऑक्टोबरची नोटीस.
२) माझे दि. ४ ऑगस्ट, २५ ऑगस्ट व १५ सप्टेंबरचे तीन अर्ज. (मूळ प्रती सोबत जोडल्या आहेत. त्यांवरील डाग माशाच्या रश्श्याचे आहेत. रस्सा माझ्या घरचा नाही.)

महोदय,

मी त्साय पेइ-जुंग, वय २७, राहणार गल्ली क्र. ३६, घर क्र. ११, तिसरा मजला. हा अर्ज तीन दुपारांत मिळून लिहिला आहे. मधूनमधून अक्षर वेडेवाकडे झाले आहे, त्याचे कारण मांडीवर असलेली माझी दहा महिन्यांची मुलगी दौदौ. साडेतीन ते पाच ही तिची झोपेची वेळ. याच वेळेत मी वाजवायला शिकत होते. आता याच वेळेत अर्ज लिहिते. दोन्हींपैकी कशात माझा हात बरा आहे, हे आपण ठरवावे.

१. प्रथम यंत्राविषयी. आपल्या नोटिशीत त्याचा उल्लेख ‘सार्वजनिक संकेताची नक्कल करणारे साधन’ असा केला आहे. वस्तुतः ते चहाच्या ट्रेएवढे, जुन्या बाजारातून घेतलेले यंत्र आहे. त्यावर दोन गोल तबकड्या आणि मधे एक सरकपट्टी आहे. डावी तबकडी किंचित अडते. मी ते इस्त्रीच्या फळीवर ठेवत असे, कारण घरातले टेबल मुलीच्या उंचीला येते आणि तिच्या उंचीला आलेली प्रत्येक वस्तू ती तोंडात घालते.

राजकुमाराच्या देवळातील नाचाच्या मंडळींसाठी गेली बावीस वर्षे ट्रकवर उभे राहून गाणी लावणारे आ-क्वान दादा आपल्याही परिचयाचे असतील. त्यांचा उजवा कान गेला आहे. माझा भाऊ त्याच मंडळींत देवाचे मोठे लाकडी मुंडके खांद्यावर घेऊन नाचतो. त्याच्या ओळखीने मी दादांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “दोन गाणी मधे न तुटता जोडून दाखव. नवव्या महिन्याच्या नवमीला, जन्मोत्सवाला, ट्रकवर तू उभी राहशील. पोरगी पाठीला बांधून आलीस तरी चालेल, राजकुमारही पोरच आहे.”

प्रसूतीनंतर कोणी मला ‘ये’ म्हटल्याची ती पहिली वेळ होती. माझे काय अडले आहे, हे आपणास कळावे म्हणून हे नमूद केले.

२. घरी शिकणाऱ्या नवशिक्याचे काम कसे चालते हे आपल्या निरीक्षकांना ठाऊक नसावे. नोटिशीत मी ‘वस्तीत गोंगाट केला’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात पहिले पाच आठवडे माझ्या यंत्राचा आवाज माझ्याखेरीज कोणालाच ऐकू आला नाही. हेडफोन एका कानावर असतो, दुसरा कान उघडा ठेवायचा असतो. एका कानात चालू गाणे, दुसऱ्यात येणारे गाणे. चार-चार मोजायचे, चाराचे सोळा करायचे, आणि सोळाव्या ठोक्याला दुसरे गाणे पहिल्याखाली अलगद सरकवायचे. दोन्ही गाण्यांचे ढोल एकत्र सोडले तर नुसता चिखल होतो. म्हणून एकाचा खालचा आवाज उतरवल्याशिवाय दुसऱ्याचा चढवायचा नाही. पहिल्या आठवड्यात माझी गाणी एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घातल्यासारखी चालत होती. सहाव्या आठवड्यात एकदा, फक्त एकदा, ती अकरा ठोके बरोबर चालली. दौदौ झोपेतच हसली. योगायोग असेल. मी रडले.

३. आता कचऱ्याविषयी, जो या प्रकरणाचे मूळ आहे.

आपली गाडी दुपारी चार वीसला पियानोची चाल वाजवत येते आणि गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे वस्तीप्रमुख श्री. श्युए यांच्या दारापासून वीस पावले अलीकडे थांबते. जूनपासून चालीचा आवाज कमी केला आहे. का, ते मी विचारले. श्री. श्युए म्हणाले, “दुपारी माणसाने पडायचं की नाही?” गल्लीच्या आतल्या टोकाला ही चाल शेजारच्या घरात कोणी हळूच शीळ घातल्याएवढीच ऐकू येते. एका कानावर हेडफोन असल्यास तेवढीही नाही. कचरा जमिनीवर ठेवायचा नाही, हातानेच गाडीत टाकायचा, हा नियम मला मान्य आहे, मी त्यातच वाढले. पण गाडी आलेली कळणार कशी?

ऑगस्टमध्ये माझ्या आठ गाड्या चुकल्या. तान्ह्या मुलाचे लंगोट, ऑगस्टचा उन्हाळा आणि बंद बाल्कनी यांचे एकत्रित वर्णन मी करू शकते, परंतु आपण कदाचित जेवणानंतर हे वाचत असाल. एवढेच सांगते की पिशवी आतून हलत होती. सगळ्यांप्रमाणे मीही खरकटे फ्रीजरमध्ये ठेवते. पण लंगोट माशाच्या गोळ्यांशेजारी ठेवावे लागले त्या दिवशी मला माझ्याच घराची शिसारी आली. ऑगस्टच्या सुरुवातीपासून गाडी साठ पावले आत यावी किंवा आवाज पूर्ववत करावा, अशी विनंती करणारे तीन अर्ज मी नियमानुसार वस्तीप्रमुखांमार्फत आपल्याकडे पाठवले. एकाचेही उत्तर आले नाही.

४. बुधवार, दि. ८ ऑक्टोबरचा प्रकार पुढीलप्रमाणे.

नवशिक्याने पाठ असलेल्या गाण्यावर सराव करावा, असे दादा सांगतात. ज्याचा ठोका मला झोपेतही चुकणार नाही असे गाणे एकच आहे, आणि ते आपल्या गाडीचे आहे. दौदौही दुसऱ्या कशाने गप्प होत नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी गाडीची चाल फोनवर उतरवून घेतली व तिच्याखाली राजकुमाराचा ढोल जोडण्याचा सराव सुरू केला. जमत आले, तेव्हा दादा म्हणाले, “हेडफोन गोड गोड बोलतो गं. ट्रकवर वारा अर्धं गाणं खाऊन टाकतो. एकदा उघड्यावर वाजवून बघ.”

मी बुधवार मुद्दाम निवडला. बुधवारी गाडी येत नाही, त्यामुळे घोटाळा होणार नाही, असे माझे गणित होते. स्पीकर बाल्कनीत ठेवला, मुलीला पाठीला बांधले, माझे तोंड भिंतीकडे, एका कानावर हेडफोन. सव्वीस मिनिटे वाजवले.

माणसाचे पाय पंचांग बघत नाहीत, हे माझ्या ध्यानात आले नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी लेखी मान्य करते.

खाली जे घडले ते मला तळमजल्यावरील लियाव मावशींकडून नंतर कळले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते : “आधी वाटलं गाडी कोपऱ्यावर आहे. मग वाटलं, मागे घेतायत. अख्खी गल्ली खाली, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पिशव्या, पाणी गळतंय चपलांवर. को आजोबा म्हणाले, आज बुधवार ना? मी म्हटलं, आजोबा, वाजतंय ना, मग येणारच! आवाज तर महिन्यांनी इतका खणखणीत. म्हटलं, सरकारला अक्कल आली. आणि मग गं बाई, कचरागाडीच्या गाण्यातून देवाचा ढोल! तेव्हा मी वर पाहिलं.”

वर पाहून त्या जे ओरडल्या ते मी स्वतः ऐकले : “पेइ-जुंग! गाडी काय तुझ्या बाल्कनीत लावलीय?”

मी खाली धावले, वाकून वाकून माफी मागितली. पण ऊन तसेच होते, हातांना रग लागली होती, आणि कोणालाच ती पिशवी पुन्हा चार मजले वर न्यायची नव्हती. “बोलावलंस ना, मग आता तूच सांभाळ,” असे म्हणत पहिली पिशवी कोणी ठेवली ते मी सांगणार नाही. पाच मिनिटांत माझ्या जिन्याशी एकेचाळीस पिशव्या होत्या.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक श्री. पेंग आले. सोबत मार्गदर्शनासाठी वस्तीप्रमुख श्री. श्युए उभे होते. हातमोजे चढवून श्री. पेंग यांनी एकेक पिशवी भर रस्त्यात फोडली व मालकाचा शोध सुरू केला.

महोदय, अळ्या मी पाहिल्या आहेत. त्यांची मला इतकी किळस आली नव्हती. को आजोबांनी आजींसाठी वर्षभर शाकाहाराचे व्रत धरले आहे. त्यांच्या पिशवीतून डुकराच्या पायाची हाडे निघाली आणि निरीक्षकांनी ती चिमट्याने उचलून सगळ्यांना दाखवली. आजोबा जमिनीकडे बघत राहिले. लियाव मावशींच्या पिशवीतल्या पाकिटावरचे नाव मोठ्याने वाचले गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “नाव माझं आहे, कचरा सुनेचा!” लोक हसले. मला हसू आले नाही. माणूस काय खातो आणि काय लपवतो हे रस्त्यावर मांडून ठेवायला ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या हातमोज्यांचा वास मला अजून येतो.

त्यानंतर एक गुलाबी पिशवी फुटली. तीत माशाचे काटे, देवाला वाहिलेली सडकी संत्री आणि तीन बंद पाकिटे होती. तिन्हींवर माझे अक्षर होते. दुसऱ्या पाकिटावर खळीचे एक छोटे बोट उमटले होते. डिंक संपल्याने मी ते भाताच्या खळीने चिकटवत होते आणि दौदौने मदत केली होती.

माझे तिन्ही अर्ज. न उघडलेले. त्यांवर आपल्याच कार्यालयाचा पत्ता.

श्री. श्युए म्हणाले, “चुकून गेले असतील. कागदच तो.”

मग लियाव मावशी म्हणाल्या, “चुकून एक जातं, श्युए. तीन जात नाहीत.” त्यांनी ‘साहेब’ लावले नाही. श्री. श्युए वस्तीप्रमुख झाल्यापासून सोळा वर्षांत असे प्रथमच घडले, असे मला सांगण्यात आले.

श्री. पेंग यांनी क्षणभर पाकिटांकडे पाहिले. पुढची पिशवी फोडली. सर्व पिशव्या संपल्यावर ते तिसऱ्या मजल्यावर आले, यंत्र इस्त्रीच्या फळीवरून उचलले, आणि ‘यापुढे राहत्या घरी कोणतेही ध्वनिसाधन चालविणार नाही’ असे छापील हमीपत्र मला दिले. गुलाबी पिशवीच्या मालकाला काय दिले, ते मला दिसले नाही.

६. मी त्या हमीपत्रावर सही करणार नाही. ‘कोणतेही ध्वनिसाधन’ यात मुलीचा खुळखुळाही येतो. त्याऐवजी स्वतःच्या अक्षरात हमी देते की आपल्या गाडीची चाल मी यापुढे फक्त हेडफोनमध्येच वाजवीन. पिशव्यांचे म्हणाल तर गुरुवारच्या गाडीपर्यंत फोडलेल्या पिशव्यांतला कचरा पुन्हा भरून झाला नव्हता, शुक्रवारी सुट्टीमुळे गाडी आली नाही; शनिवारी मी, माझा काओश्युंग शहरातून सुट्टीवर आलेला नवरा, लियाव मावशी व त्यांची सून अशा चौघांनी त्या सर्व हातानेच गाडीत टाकल्या. मावशींनी वास येऊ नये म्हणून नाकाला लावायला बाम दिला आणि वर म्हणाल्या, “ढोल बरा जोडला होतास. आधी किती वेळ वाट बघायला लावलंस, तेवढंच वाईट.” एकतीस घरांच्या सह्या सोबत आहेत. को आजोबांनी दोनदा केली आहे. एक रद्द समजावी.

७. यंत्र गेल्यापासून माझी एकही गाडी चुकलेली नाही. दोन्ही कान मोकळे आहेत. रोज चार वाजल्यापासून मी मुलीला झोपेतून उठवून, कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी असते. काल गाडीची चाल सुरू झाल्यावर दौदौने टाळ्या वाजवल्या. मी मोजले. चौथ्या ठोक्याला, बरोबर चौथ्या ठोक्याला, पाच वेळा. पुढे वळणावर आपल्या गाडीच्या चालीचा ठेका नेहमीप्रमाणे मंदावला, तेव्हा तिने हात थांबवले आणि नाक मुरडून गाडीकडे पाहिले. दहा महिन्यांच्या मुलीला खटकते ते दुरुस्त करणे आपल्या विभागाला अवघड जाऊ नये.

तरी विनंती की यंत्र २९ तारखेच्या आत परत मिळावे, म्हणजे डावी तबकडी अडते कुठे, ते पुन्हा हाताला बसवायला मला निदान तीन दुपारी मिळतील. गाडी साठ पावले आत यावी. यंत्र नेण्यास मी स्वतः येईन, साडेतीनच्या आधी.

हा अर्ज या वेळी कोणामार्फतही न पाठवता आपल्या टेबलावर स्वतः ठेवत आहे. वाचून टाकूनच द्यायचा असेल तर तो सुक्या कागदांत टाकावा, सोमवारी किंवा शुक्रवारी. माशाच्या काट्यांसोबत टाकू नये. ते नियमाविरुद्ध आहे.

आपल्या गाडीची रोजची वाट पाहणारी,

त्साय पेइ-जुंग
(व शेजारी दौदौ हिचे बोट, या वेळी शाईचे)

सोबत :
१. पूर्वीचे तीन अर्ज, पाकिटांसह. पहिली दोन मी उघडून पाहिली; तिसरे अजून बंदच आहे. ते आपण उघडावे.
२. एकतीस घरांच्या सह्या.
३. कोरे हमीपत्र, परत.