नूरआजी काय म्हणतात

सोम., ३ फेब्रु.
रूट वन हायवेच्या ट्रॅफिकमध्ये पन्नास मिनिटं. रिहॅबला पोचेपर्यंतच पाठ गेली. नऊ पेशंट, त्यात एक नवीन. नूरआजी, वय चौऱ्याहत्तर, इंडोनेशियाच्या. महिन्यापूर्वी स्ट्रोक, उजवा हात लुळा, वाचा बिघडलेली. एडिसनला मुलाकडे राहतात. भाषेची टेस्ट फोनवरच्या इंडोनेशियन दुभाष्यामार्फत घेतली. तो दर वाक्याला म्हणे, शब्द कळत नाहीत, काहीतरी बडबडताहेत. मुलगा हेन्द्री शेजारीच उभा होता. तोही म्हणाला, आई असंबद्ध बोलते हल्ली. मी लिहिलं: अर्थहीन बोलणं, आकलन जवळपास नाही. पाच मिनिटांत रिपोर्ट. बावीस वर्षं स्पीच थेरपी केल्यावर हात आपोआप चालतो.
मिलिंद डॅलसला, शुक्रवारी येईल. नवरा नसला की एकटीपुरती खिचडी.

गुरु., ६ फेब्रु.
नूरआजींना चित्रांची कार्डं दाखवली. मांजर, कप, किल्ली. डाव्या हातानं सगळी बाजूला सारली आणि बोलायला लागल्या. बराच वेळ. असंबद्ध बोलणारे पुष्कळ पाहिलेत, ते उत्तराची वाट बघत नाहीत. या मध्येच थांबत होत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेव्हाच काहीतरी करायला हवं होतं. पुढचा पेशंट दारात होता. थकलेही होते.

सोम., १०
पायाचा व्यायाम चालू असताना नूरआजी मोजत होत्या. चिएक, दुओ, तिगो, आम्पेक, लिमो. उभी राहून चार वेळा ऐकलं. चारही वेळा तोच क्रम. डबा खाताना गाडीत बसून फोनवर इंडोनेशियन आकडे शोधले. दोन ते पाच आजींच्या आकड्यांसारखेच, जरा वेगळ्या वळणाचे. 'एक' मात्र साफ वेगळा.
हेन्द्रीला फोन केला. तो सहज म्हणाला, हां, ते मिनांग. मिनांगकबाऊ. आई पश्चिम सुमात्राच्या डोंगरातली, तिथली बोली ती. पण तिला इंडोनेशियन उत्तम येतं, माझ्याशी कायम तेच बोलली. तो स्वतः जकार्तात वाढलेला. त्याला मिनांगचे दोन-चार शब्दच कळतात, बोलता येत नाही; आईचं अडखळतं बोलणं त्याला बडबडच वाटलं.
म्हणजे स्ट्रोकनं नंतर शिकलेली भाषा नेली, आधीची ठेवली. पेशंटची पहिली भाषा कोणती, हा प्रश्न आमच्या फॉर्मवर दुसऱ्याच ओळीत असतो. त्यानं 'इंडोनेशियन' लिहिलं होतं. मी पुढे विचारलं नाही.

मंगळ., ११
इन्शुरन्सचं पत्र. सुधारणेची शक्यता नाही, सबब २४ तारखेपासून थेरपी बंद. मग लाँग टर्म वॉर्ड, म्हणजे नुसती शुश्रूषा. पत्रात माझीच वाक्यं, जशीच्या तशी.
रिहॅबची डायरेक्टर म्हणाली, टेस्ट पुन्हा घे, पण मान्यताप्राप्त यादीतला दुभाषा हवा. यादीत मिनांग नाही. वाद घातला नाही, त्राण नव्हतं.
परत येताना एक जुनी गोष्ट आठवली. नागपूरहून पुण्याला कॉलेजात आले तेव्हाची. पहिल्याच आठवड्यात वर्गात म्हणाले, 'मी येऊनच राहिली होती, मॅडम.' अख्खी रांग हसली. पुढे दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही आणि मॅडमनी मला मठ्ठ ठरवलं. घरी कधी सांगितलं नव्हतं. मिलिंदलाही नाही.

शनि., १५
ओक ट्री रोडवर भाजी घेत असताना हेन्द्रीचा मेसेज. फिलाडेल्फियात एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाक करणारी बाई सापडली, आईच्याच भागातली. नाव एल्वी, पण सगळे 'उनी' म्हणतात, म्हणजे ताई. उद्या दुपारी येते म्हणाली. त्यानं स्वतः शोधली. बरं वाटलं.

रवि., १६
मिलिंद म्हणाला, 'रविवारीपण?' तरी गेले.
उनी पन्नाशीची. कोटाला नारळाचा, मिरचीचा वास. पलंगावर बसली, नूरआजींचा हात धरला आणि एक वाक्य बोलली. आजींचा चेहरा
नको, ते लिहिता येणार नाही.
चाळीस मिनिटं बोलल्या दोघी. शब्द अडतात, नावांची अदलाबदल होते, स्ट्रोक खराच आहे. पण कळतं सगळं. उनीनं मला सांगितलं, 'त्या विचारतात, ही बाई मला रोज मांजर का दाखवते? हिला बरं नाही का?' सगळे हसलो, हेन्द्रीसुद्धा.
मग मी उनीला विचारायला सांगितलं, तुम्हाला कुठे राहायचंय? उत्तर लांबलं. उनी खाली बघत सांगत गेली. गावी जायचंय, बहिणीच्या मुलीकडे. तिथे घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं, मुलगे कमवायला बाहेर पडतात. ते घर आजींचं आहे. इथलं घर सुनेचं. हेन्द्री चांगला आहे, पण आईनं सुनेच्या घरात किती दिवस बसायचं?
हेन्द्री म्हणाला, 'माझ्याशी ती हे कधीच बोलली नाही.'
उनी म्हणाली, 'तुमच्याशी ती तुमच्या भाषेत बोलायची.'


मंगळ., १८
रविवारच्या बोलण्यावरून नवा रिपोर्ट दिला, उनी यादीतली नाही हेही लिहिलं. पहिली टेस्ट चुकीच्या भाषेत घेतली, असं स्वच्छ लिहिलं. डायरेक्टर म्हणाली, हे वाक्य तुझ्यावर शेकेल. मी म्हटलं, शेकू दे. तिनं पाठवते म्हटलं, पुढचं वचन नाही.

शुक्र., २१
हेन्द्री कॉरिडॉरमध्ये थांबला होता. डॉक्टर म्हणतात तीन महिने तरी विमान नाही. आईच्या वतीनं निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार त्याच्याकडे आहे. गावापासून मोठं हॉस्पिटल दोन तासांवर, तिथे दुसरा स्ट्रोक आला तर? मग म्हणाला, घरी जायचंय हे आजारपण बोलतंय का? मी नाही म्हटलं. मी हो म्हणावं अशी त्याची आशा होती, वाटतं.

रवि., २३
इन्शुरन्सकडून अजून काही नाही. उद्या २४.
दुपारी हेन्द्रीचा फोन. उनीकडून एक मिनांग वाक्य फोनवर शिकला, वहीत लिहिलं, गाडीत घोकलं. उन्हाळ्यापर्यंत इथे राहा, मग मीच तुला घेऊन जाईन, चालेल का? आज आईला म्हणून दाखवलं. तिनं ते पुन्हा म्हणायला लावलं, एक शब्द सुधारून दिला. मग त्याचा हात धरून खूप बोलली. त्याला समजलं नाही. रेकॉर्ड करून उनीला पाठवलंय, ती संध्याकाळपर्यंत रेस्टॉरंटच्या किचनमध्ये, तोवर ऐकणार नाही. मलाही पाठवलं, का कोण जाणे.
सोफ्यावर पडून दोनदा ऐकलं. मला एकच शब्द ओळखू येतो, उनीकडून कळलेला, इन्दाक. म्हणजे नाही. दोन ठिकाणी आहे. उन्हाळ्यापर्यंत थांबायला नाही, की आणखी कशाला, ते कळत नाही.