टाकी मुरेपर्यंत

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तू पाठवलेली काचेची टाकी आईच्या पलंगासमोर मांडली, खारं पाणीही भरलं. पण हा मासेवाला मला सरळ वाटत नाही. पाणी चांगलं राहायला तो दोन मार्ग सांगतो. एक, चिनीमातीच्या कड्या भरलेला फिल्टरचा डबा. दुसरा, समुद्रातले भोकाभोकांचे दगड. दोन्हींत म्हणे जंतू राहतात आणि माशांची घाण संपवतात. डोळ्यांना न दिसणारा माल विकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. वर म्हणतो, टाकी मुरायला, म्हणजे जंतू वाढायला, महिना लागतो, तोवर मासा देणार नाही. गिऱ्हाईक दारात आणि हा विकत नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच.

डबा उघडायला माझे हात थरथरतात, म्हणून दगड घेतले. त्यांना वास येत होता. सडका माल गळ्यात मारला असणार. नळाखाली ब्रशने घासून लख्ख केले.

पडल्यापासून आई भिंतीकडे तोंड करून असते. हाड जुळलं, चालवा, असं डॉक्टर म्हणतात. ती पाय खाली टेकवत नाही.

बोटाएवढ्या माशाला खाणं किती लागतं? सहज विचारतो.

तुझे बाबा


ता. १४ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

रिकाम्या टाकीच्या मालकाला माशाच्या जेवणाची काळजी कशाला? दुसऱ्या दुकानातून आणलात ना? तुमचा संशय जगावर आणि माझा तुमच्यावर.

दगड निवडलेत ते बरं केलंत. छोट्या टाकीला पुरतात, फक्त पाणी फिरवणारा पंप बंद करू नका. पण जंतू त्या वासाच्या थरातच होते, बाबा. तुम्ही भाडेकरूंना ब्रशने हाकललंत. त्यांची पुन्हा वस्ती होईपर्यंत माशाची घाण पाण्यातच राहणार, आणि ती त्याला विषासारखी. तो वर येऊन धापा टाकत असेल, तर तसाच मासेवाल्याकडे न्या.

आईला नमस्कार. लोभ असू द्या, आणि खरं लिहा.

तुमची धाकटी


ता. २२ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

चुगली कुणी केली ते आधी सांग. मला शेजारणीचा संशय आहे.

मासा आणला होता. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याला बघायला आईने कूस बदलली. सगळीकडे फिरून पाहणी करतो म्हणून ती त्याला मुकादम म्हणते. तुझं पत्र आलं तेव्हा तो वरच्या कोपऱ्यात तोंड उघडून होता. पिशवीत घालून मासेवाल्याकडे पळालो. त्याने पिशवी माझ्या हातातून ओढूनच घेतली. आपल्या जुन्या, मुरलेल्या टाकीत त्याने मासा ठेवून घेतला. तिथलाच एक दगड ओल्या फडक्यात गुंडाळून मला दिला, आणि धुतलात तर मासा परत मिळणार नाही, अशी तंबी दिली.

मुकादम तिथे बरा आहे, रोज बघून येतो. पण आईला पटत नाही. मासा मेला आणि मी थापा मारतो आहे, असं तिचं म्हणणं. शपथ घेतली, तर म्हणाली, तुमच्या तोंडावर विश्वास ठेवून बरीच वर्षं काढली, आता डोळ्यांनी बघेन. सकाळी मला कपाटामागून तिच्या चपला काढायला लावल्या.

दुकान गल्लीच्या टोकाला आहे आणि पायऱ्या उंच आहेत. डॉक्टर चालवा म्हणतात, पण त्यांनी पायात शिरून थोडंच पाहिलंय? न्यावं की नाही, ते लगेच कळव. ती चपला घालून पलंगाच्या कडेला बसली आहे.

तुझे बाबा