तुमच्या घरात आता रेखा राहते

प्रिय मॅडम,

'आदरणीय' लिहिलं असतं तर तुम्ही कागद तोंडावर फेकला असतात. "आदरणीय काय गं, मी काय आमदार आहे?" म्हणून प्रिय. पण आज तुमच्यावर माझा नुसता राग आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुरकुर नको.

लिहितेय कारण उद्या सकाळी पुण्याहून तुमचा भाचा येतोय, बरोबर एजंटला घेऊन. तुमचा अंबरनाथचा फ्लॅट दाखवायचाय त्याला. आणि त्या फ्लॅटमध्ये रेखा राहतेय. हो, तीच, तुमची बदलापूरची पक्षकार. तिची तनू तुमच्या टेबलावर बसून दहावीचे पेपर देतेय, म्हणजे अभ्यास करतेय, पेपर शाळेत. भाच्याला यातलं काही माहीत नाही. त्याच्या आरडाओरड्यातून तुम्हाला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आलं ना कपाळावर आठ्यांचं जाळं? तुमच्या त्या सोफ्यावर मी इतकी वर्षं कधी पाठ टेकून बसले नाही. तुम्ही बसूच दिलं नाहीत. "टेकू नकोस, डोक्याला तेल आहे तुझ्या." आता त्यावर तनू आडवी होऊन इतिहास पाठ करते, आणि तिच्या डोक्याला माझ्यापेक्षा जास्त तेल आहे. घ्या!

तुम्ही गेलात तेही कसं! कोर्टात निघायची तयारी करताना, आरशासमोर. तुमच्या कामवाल्या बाईंनी मला फोन केला तेव्हा मी विठ्ठलवाडीला रिक्षात होते. धावत आले तर तुम्ही खुर्चीत, आणि वरच्या ओठाला लिपस्टिक, खालचा कोरा. नंतर तुमची वहिनी म्हणाली, "मेलेल्या बाईला कसली लिपस्टिक, पुसा ती." मी पुसली नाही. खालच्या ओठालाही लावली. जरा बाहेर गेली असेल. अर्धवट गेलेलं तुम्हाला चाललं नसतं, एवढं मला माहीत होतं.

काय ऐट होती तुमची! कोर्टात सगळ्या बायकांना तोच पांढरा आणि तोच काळा, तरी जिन्यावर सँडल वाजले की खालचा चहावालासुद्धा म्हणायचा, आल्या. सिंधी वस्तीतल्या कॅम्प दोनचा तो म्हातारा टेलर तुमचा कोट दुसऱ्या कारागिराच्या हातात द्यायचा नाही. "साईं, वकील साहिबा का कोट है, मजाक नहीं." आत राणी कलरचं रेशमी अस्तर. उलटतपासणीत तुम्ही हात वर केलात की ते चमकायचं आणि समोरचा साक्षीदार बावचळायचा. मी एकदा म्हटलं, मॅडम, मलाही असं अस्तर लावून घेऊ का? तुम्ही मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "आधी तोंडातली भाषा धू, मग कोटाचं बघू." चेंबरमध्ये चार पक्षकार बसले होते. सगळे हसले.

माझी भाषा! बदलापूरच्या पलीकडच्या गावातली मी, शेतावरच्या घरातली. माझ्या आईने तुम्हाला गावठी तांदूळ आणून दिला तेव्हा तुम्ही तिला "बसा हं" म्हणालात आणि ती उभीच राहिली, कारण खुर्चीवर तुमची पर्स होती. पर्स काही तुम्ही उचलली नाहीत. ते मी विसरलेले नाही. आई विसरली. ती अजून सगळ्यांना सांगते, माझी पोर मोठ्या वकिलीणबाईंकडे शिकली.

शिकले, तेही खरंच. कसं खोटं सांगू? तुमच्यासारखं डोकं या पट्ट्यात दुसरं नव्हतं. फाईल न उघडता पान सांगायचात. जजसाहेबांना झोप आली की एखादा असा प्रश्न टाकायचात की पूर्ण कोर्ट जागं व्हायचं. मी तुमच्यावर जीव टाकला, मॅडम. कुत्र्यासारखा टाकला. म्हणून तर आज इतकं लागतंय.

रेखा पहिल्यांदा आली तो दिवस आठवतो? अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, कामाच्याच कपड्यात आली होती. गालावर वळ. घर नवऱ्याच्या नावावर, नवरा म्हणे निघ बाहेर, मला दुसरी आणायचीय. ती रडायला लागली तशा तुम्ही म्हणालात, "रडायचं असेल तर बाहेर जा, इथे बोलायचं असतं." मग तिने सगळं सांगितलं आणि तुम्ही तिच्याकडे वाकून म्हणालात, "मी आहे तोवर तुला त्या घरातून कोणी हलवू शकत नाही."

बाईंनी शब्द पाळला! तुम्ही होतात तोवर कोणी हलवलं नाही. तुम्हाला जाळून आलो आणि दुसऱ्या दिवशी तिचं सामान जिन्यावर होतं.

कसं झालं ते नीट सांगते, कारण सांगणारं दुसरं कोणी नाही. तुम्ही तिला तात्पुरती मनाई मिळवून दिली होतीत, नवऱ्याने तिला बाहेर काढायचं नाही अशी. पण ती असायची फक्त पुढच्या तारखेपर्यंत. दर तारखेला उभं राहून म्हणायचं, साहेब, मनाई पुढे चालू ठेवा. साहेब लिहायचे, चालू. न लिहिलं तर संपली. आणि ती तारीख नेमकी तुमच्या शोकसभेच्या दिवशी आली.

वकील गेला की शोकसभेच्या दिवशी कोर्टात कोणी काम चालवायचं नाही, ही पद्धत. पण आपल्याकडे ती इतकी कडक कोणी केली? तुम्ही! एक नवखा पोरगा मागे कोणाच्यातरी शोकसभेच्या दिवशी जामिनासाठी उभा राहिला होता. सगळ्यांसमोर तुम्ही त्याचा पार पाणउतारा केलात. "माणूस मेल्यावर एक दिवस थांबता येत नसेल तर भाजीचा गाळा टाक." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ठराव झाला, तुमच्याच शब्दांत. त्या पोराचा अशील आणखी एक रात्र आत राहिला. त्याचं कोण विचारतंय!

तर खाली तुमच्या फोटोला हार. तुमची सगळ्यात जुनी जुनियर म्हणून मला फोटोशेजारी उभं केलेलं. दोन मिनिटं शांतता झाली. मी हळूच सटकले आणि कोट घालून वर गेले. बारचे एक ज्येष्ठ जिन्यात आडवे आले. "अगं, आज? तिच्याच दिवशी? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना नंतर विचारते.

साहेबांसमोर उभी राहिले. समोर वकील नाही, मागे कोणी नाही. मी म्हटलं, साहेब, मनाई पुढे चालू ठेवण्याची विनंती आहे. आणि डोळ्यांतून पाणी आलं, भीतीने. साहेबांना वाटलं मी तुमच्यासाठी रडतेय! किती प्रेमाने म्हणाले, "समजू शकतो. मोठी विदुषी गेली. आज नको, घरी जा." मी परत म्हटलं, साहेब, मनाई. ते म्हणाले, "पाणी द्या यांना." शिपायाने पाणी दिलं, कारकुनाने नुसती पुढची तारीख टाकली, पुढच्या केसचा पुकारा झाला. मी तिसऱ्यांदा बोलले तर पट्टेवाल्याने माझं कोपर धरून मला अगदी मायेने बाहेर आणलं. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. काय जीव होता हिचा मॅडमवर!

आणि रेखाच्या नवऱ्याचा वकील कोण? देसले. तुमचाच पूर्वीचा जुनियर. तो खाली शोकसभेत भाषण करत होता. चांगला बोलला, डोळे पुसले, म्हणाला, मी आज जो आहे तो बाईंमुळे. मग पार्किंगमध्ये जाऊन त्याने अशिलाला फोन लावला.

रेखा ड्यूटीवरून आली तर दाराला नवं कुलूप. मिक्सर, गादी, तनूचं दप्तर, देवाचे फोटो, सगळं जिन्यात. सोसायटीतल्या बायका दारं अर्धी उघडी ठेवून बघत होत्या. मी पोलिसांत गेले तर म्हणाले, मॅडम, हा घरातला मामला, कोर्टात जा. कोर्टातूनच तर आले होते मी!

मी देसलेला फोन केला. लाज वाटत नाही का, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "कल्पना, तारीख संपली की मनाई संपली. हे मला कोणी शिकवलं?" मी फोन ठेवून दिला. कारण तुम्ही त्या विठ्ठलवाडीच्या म्हातारीला असंच बाहेर काढलं होतंत, घरमालकाच्या वतीने. तिचा वकील आजारी पडला आणि तुम्ही त्याच संध्याकाळी ताबा घेतलात. मी विचारलं होतं, मॅडम, ती जाईल कुठे? तुम्ही आरशात बघत म्हणालात, "ते तिच्या वकिलाला विचार." आणि मी हसले होते. तुमच्यासमोर सगळे हसायचे.

आता फ्लॅटचं. दिवस पुण्याला करायचे ठरले. भाचा अस्थी घेऊन निघताना मला किल्ली देऊन गेला. आत्या जिथे गेली तिथे रोज दिवा लावायला हवा, आणि इथे दुसरं कोण आहे? मी म्हटलं, लावते. त्याच संध्याकाळी रेखा आणि तनू जिन्यात बसलेल्या. माझ्या घरी सासू-सासरे, दीर, दोन खोल्या. रेखाचं माहेर पार देशावर, आणि तनूची परीक्षा तोंडावर. मी एवढंच म्हटलं, चला, एक दिवा लावायचाय.

तुमच्या आरशाखाली रेखाने रोज दिवा लावला, मॅडम. तेल संपू दिलं नाही. ज्या बाईला तुमच्यामुळे बेघर व्हावं लागलं, ती तुमच्यासाठी वाटी भरून दूधपाणी ठेवायची आणि म्हणायची, बाई असत्या तर असं झालं नसतं. मी तिला खरं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते तुमच्या भल्यासाठी नाही हं, तिच्या.

तारीख लवकर घ्या म्हणून मी अर्ज टाकलाय. साहेब रजेवर आहेत. आल्यावर पहिल्याच दिवशी बोलणार आहे. ताबा परत मिळेल, मला खात्री आहे, कारण बाजू खरी आहे आणि चालवणारी तुमच्याकडे शिकलीय. पण तोवर? उद्या तनूचा गणिताचा पेपर. आणि उद्याच भाचा.

खरं सांगू? कायद्याने रेखाला तुमच्या घरात राहायचा काडीचा हक्क नाही. मलाही नाही तिला ठेवायचा. तुम्ही असतात आणि भाच्याने तुम्हाला वकीलपत्र दिलं असतं, तर तुम्ही या मायलेकींना एका तारखेत रस्त्यावर आणलं असतंत, आणि मला सनद रद्द करायची धमकी दिली असतीत. अस्तर चमकवत! म्हणून सांगते, मॅडम, बरं झालं तुम्ही गेलात. बोलले. हे बोलायला तुमच्या फोटोसमोर जीभ रेटत नव्हती, कागदावर रेटली.

आता बोललेच आहे तर दोन गोष्टी ऐका आणि मग शांत व्हा.

बार रूममध्ये मी लेखी देऊन आलेय की मी मेले तर माझ्या नावाने कोर्ट एक मिनिटही बंद ठेवायचं नाही. हार नको, भाषण नको, देसलेचं तर नकोच. ज्येष्ठांनी कपाळाला हात लावला. "तुझं वय काय, बोलतेस काय!" मी म्हटलं, मॅडमचंही वय नव्हतं.

दुसरी गोष्ट माझा शब्द. रेखाच्या हातात तिच्या घराची किल्ली पडेपर्यंत ती आणि तनू इथून हलणार नाहीत. ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी तुमचं घर झाडून पुसून मी भाच्याला देईन, आणि त्याला केस करायची असेल तर करू दे, मी उभी राहीन. पण उद्या तो आला की दारात मी असेन. त्याच्याकडे दुसरी किल्ली आहे, ठाऊक आहे मला. म्हणून आज दुपारी कॅम्प चारमधून चावीवाला आणला आणि रेखाच्या नवऱ्याने केलं तेच केलं. कुलूप बदललं.

अजून मला तुमच्यासाठी रडू आलेलं नाही. लोकांनी पाहिलं ते दुसऱ्याच गोष्टीचं होतं. आलं तर इथेच येईल, तुमच्या घरात. आणि कधी तुम्हालाच यावंसं वाटलं, तर या. बेल वाजवा आणि बाहेर थांबा. तुमची किल्ली आता या दाराला लागायची नाही.

तुमची,
कल्पना