शुक्रवारी विक्री बंद

३० एप्रिल २००६, अक्षय तृतीया
चिंतामणी इन्व्हेस्टमेंट, दारव्हा. आज मुहूर्त. मालक, मॅनेजर, कॅशियर सगळं मीच. मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली होते, घरखर्चाची वहीही कधी चुकली नाही. फर्म म्हणजे आणखी वेगळं काय असतं? रविवार म्हणून बाजार बंद, पण मुहूर्त तो मुहूर्त. हे म्हणाले, ऑफिस कुठे? म्हटलं, देवघर. भाडं नाही, बसायला पाट आहे.

२ मे
पहिली क्लायंट! बोरी अरबकडच्या तांड्यावरची सोनीबाई. आपल्याकडे तूप आणायची. यंदा कापसाचं काही खरं नाही म्हणून म्हशी विकल्या, तांड्यावर पिठाची चक्की टाकायची म्हणते. जवळ वीस हजार, चक्की पंचवीसची. म्हटलं, महिन्यात वाढवून देते. ती म्हणाली, ताई, वाढले नाई तं चालते, कमी नोका करू. मला हसूच आलं. कमी कसे होतील? कळंबच्या चिंतामणीला नारळ फोडून आले आहे.

१० मे
पुतण्या सलील यवतमाळला ब्रोकरकडे आहे, सोनीबाईच्या वीस हजारांचे शेअर त्याच्याकडूनच घेतले. त्याचा फोन. काकी, साडेबावीस झाले, विकू? इतक्यात? पंचवीसशिवाय हलायचं नाही, ठराव पास. ह्यांना सांगितलं, कामाच्या वेळात मॅडम म्हणा. म्हणाले, मॅडम, भाजीत मीठ नाही.

१९ मे, शुक्रवार
काल बाजार धाडकन पडला. सलीलचे सकाळपासून तीन फोन. काकी, अजून अठरा येतात, आज विका. पण शुक्रवारी घरातली लक्ष्मी बाहेर काढत नाहीत. मी शुक्रवारी शेजारी साखरसुद्धा देत नाही, मग शेअर कसे देऊ? सोमवारी बघू. तो म्हणाला, काकी, बाजाराले शुक्रवार समजत नाही. आजकालची मुलं!

२२ मे, सोमवार
विकले. साडेचौदा. ह्याला तोटा म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात.

२९ मे
सोनीबाई आली. चक्कीवाला पाच हजार हप्त्याने घ्यायला कबूल, पण वीस आजच पाहिजेत, नाहीतर चक्की दुसऱ्याला. काशीयात्रेच्या डब्यातून साडेपाच काढले. प्रत्येक फर्मला राखीव निधी असतोच. तिने पैसे पदरात बांधले. म्हणाली, ताई, कमी नाई केले तुमी. ऐकून बरं वाटलं. म्हणजे फर्म चालली की! हे म्हणाले, काहून, काशी रद्द? म्हटलं, पुढे ढकलली.

७ जून
चक्की सुरू झाली. आणि सकाळी तांड्यावरच्या पाच बायका दारात, पदरात पैसे! सोनीबाईनं सांगितलं म्हणे, शीलाताईजवळ पैसा बुडत नाही. ह्यांना म्हटलं, सांगा, फर्म बंद आहे. हे म्हणाले, सुरू कधी झाली विचारतील, तर काय सांगू? शेवटी मीच बाहेर गेले. खरं सांगून टाकलं, की पैसे बुडाले होते, मी घरून भरले. त्यांच्यातली म्हातारी ममताबाई म्हणाली, म्हणून तं आलो, ताई. बँक भरते काय घरून?

फर्म आत जाऊन दुधाचं पातेलं घासत बसली.