तुझ्या स्वेटरने दिलेला कौल

प्रिय ताईस, सप्रेम नमस्कार.

तुझे गुडघे आणि तुझी जीभ दोन्ही पूर्ववत चालत असतील, अशी आशा आहे. पत्रास कारण की, तू 'शुद्ध लोकर' म्हणून विणून दिलेला स्वेटर शुद्ध नाही. त्यात निम्मं नायलॉन आहे, आणि त्यापायी आमच्या घरात धर्मसंकट उभं राहिलं आहे.

झालं असं. तुझ्या भाचीला तुमच्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला. "बाबा, जाऊ का?" तिने विचारलं. मी (तीस वर्षं संस्कृत शिकवून सरळ उत्तर द्यायची सवय मोडलेली) म्हणालो, "देवाला विचारू." बायबलातल्या गिदोनाने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती ना, लोकर दवाने भिजावी आणि जमीन कोरडी राहावी म्हणून? आमच्याकडे खळं नाही, गच्ची आहे. आणि लोकर म्हणजे तुझा स्वेटर. दोन सकाळी तो कोरडा ठणठणीत. (दवाला नायलॉन मानवत नसावं.) तिसऱ्या सकाळी मात्र स्वेटर चिंब आणि फरशी कोरडी! तो फरशीवरून कठड्यावर कसा गेला, हे मी श्रद्धेपोटी विचारलं नाही. मुलीला म्हणालो, "जा."

दुपारी कळलं, तुझ्या वहिनीने तो गच्चीत लोळताना पाहून धुऊन, पिळून वाळत घातला होता.

त्यात रविवारी चर्चमध्ये पाळकांनी नेमकं तेच वाचलं, देवाची परीक्षा पाहू नको. म्हणजे गिदोनाने पाहिली तर श्रद्धा, मी पाहिली तर आगळीक! 'गिदोन हा अपवाद, बाकीच्यांना नियम' अशी शास्त्रोक्त संगती मी लावत होतो, तोवर मुलगी बॅग भरू लागली आणि माझं डोकंच फिरलं. चेन अशी का, कुलूप असलं का, इतके मोजे कशाला!

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, बलामाची गोष्ट झाली ही. देव आधी त्याला म्हणाला जा, आणि तो निघाला तर रागावला."

"आणि वाटेत उभा असलेला देवदूत त्या शहाण्याला दिसलाच नाही, त्याच्या गाढवीला दिसला," तुझी वहिनी मोजे घडी करत म्हणाली. "या घरातली गाढवी मी. केव्हाची सांगतेय, चेनवर नका चिडू, पोर जाणार म्हणून रडा एकदा."

इतकी वर्षं तो उतारा मला विसंगत वाटायचा. देवाचं कारण वेगळं असेल (टीकाकार पानंच्या पानं लिहितात). पण 'जा' म्हणणं आणि निघाल्याचा राग येणं, दोन्ही एकाच जिवाला एकाच दिवशी जमतं, एवढं मला कळलं.

मेहुण्यांना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. स्वेटर परत मागू नकोस. तो तिने बॅगेत सगळ्यांत वर ठेवलाय.

आणखी एक ता. क. सोमवारी सकाळी ती पोहोचेल. दर रविवारी तिला जेवायला बोलाव. तिचा दमा तुला ठाऊक आहे, पंप तिच्या पर्समध्ये असतो. पण दम लागला की ती सांगत नाही, वाक्य अर्धं सोडून नुसती हसते. तशी हसली, तर आधी पंप दे, मग बोल. ती खूण इथे आम्हा दोघांना कळते. तिथे कुणाला कळणार, या भीतीने मी तो स्वेटर गच्चीवर ठेवला होता.