सांबऱ्याच्या बैलाचं अंग वाळेना, त्याची हकीकत

सांबरा,
मंगळवार, दुपारची उन्हं

तीर्थरूप महादेव मामांना दिपालीचा वाकून नमस्कार. इकडं सगळी खुशाल आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी सांगितलेला तेलाचा शेक तुम्ही घेता की घेतला असं नुसतं सांगता? निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उभं राहून तुमची शिंक वाढली असेल, तर रुमाल बांधत जा. (बांधणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहायचं असतं.) फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर लावायची रीत आहे आणि ही हकीकत चौघांत सांगण्याजोगी नाही. म्हणून कागद.

तर मामा, आपल्या वेशीवर फायबरचा बैल बसवायचं ठरलं होतं ना, त्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आमचे थोरले चुलते भावकू आप्पा. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते आमंत्रण देत सुटले होते. बैल घडवायला चिकोडीहून ज्योतिबा मिस्त्री आला. साच्यातून बैल झकास निघाला. वशिंड, गळ्याखालची पोळी, शिंगं, अगदी खिलार. त्यावर पांढरा रंग देण्याआधी राळेचा शेवटचा हात मारायचा होता. तो बुधवारी मारला. गुरुवारी सकाळी आप्पांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. हात कसाबसा सुटून आला, खांद्यावरचा टॉवेल मात्र बैलाकडंच राहिला. राळ वाळलीच नव्हती. दुपारपर्यंत बैलाला लिंबाची पानं, कोंबडीची पिसं आणि शेजारच्या मळणीचा भुसा एवढं चिकटलं, की लांबून बघणाऱ्याला अस्वल वाटावं. उद्घाटन रविवारी.

आता यात माझा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. पण ती राळ ज्या हार्डनरनं घट्ट होते, ते सेंद्रिय पेरॉक्साइड असतं आणि मी बेळगावात पीएच.डी. करते ती नेमकी त्याच्यावर. (आप्पा गावात मला पेरूची डॉक्टर म्हणून सांगतात. चार वर्षं समजावलं, आता मीही मान डोलावते.) थोडक्यात सांगायचं तर या पदार्थात ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना धरून असतात, पण एका सतरंजीवर बसवलेल्या दोन साडूंसारखे. जरा ऊब लागली की फुटून निघतात. फुटलेला प्रत्येक तुकडा अस्वस्थ असतो, भेटेल त्याला धरतो, तो पुढच्याला धरतो, आणि अशी साखळी होत होत पातळ राळेचा दगड होतो. तो नेमका कसा फुटतो, कशानं लवकर फुटतो आणि फुटल्यावर आधी कुणाला धरतो, हे शोधणं माझं काम. आमच्या प्रयोगशाळेत हे इतक्या झपाट्यानं होतं, की मधलं काही हाती लागतच नव्हतं. लतिका मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, गेलं वर्षभर माझ्याकडं जेवण करपवलेल्या सुनेकडं बघावं तशा बघत होत्या.

सगळ्या गावादेखत आप्पा म्हणाले, "दिपे, एवढं शिकलीस, आता ह्यो बैल तेवढा वाळीव." मी ऐटीत हार्डनरची बाटली बघितली. ती पत्र्यावर उन्हात ठेवलेली. मी तिथल्या तिथं निकाल दिला, की उन्हानं पेरॉक्साइड बाटलीतच फुटून गेलं, यात दम उरला नाही. बेळगावला जाऊन नवी बाटली आणली, मिस्त्रीला बैलाच्या मांडीवर नवा हात मारायला लावला. शुक्रवारी सकाळी मांडीसुद्धा चिकट. (मामा, त्या सकाळी पाणंदीनं येताना सगळ्यांनी मला लांबूनच वाट करून दिली.) मग आप्पांना सुचलं, की अख्खी बाटलीच राळेच्या डब्यात ओतावी. मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. तसं केलं असतं तर डबा तापून पेटला असता आणि कमिटीला अध्यक्ष उरला नसता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. ते गपगुमान बाजूला झाले आणि तंबाखू मळत म्हणाले, की पोरगीला ठाऊक दिसतंय.

पण ठाऊक कुठं होतं? मी घरी येऊन हाताला लागलेली राळ काढत बसले. आधी रॉकेलनं पुसली, मग मोरीत कपड्याचा साबण लावला. तर हात लालभडक. मला वाटलं रक्त आलं. आई मागं तांदूळ निवडत होती. तिनं माझा हात उलटासुलटा केला आणि म्हणाली, "रगत न्हाय गं, हळद हाय. साबनानं लाल हुतीय की."

मामा, मी ओल्या हातानं पळत सुटले. हळदीचा रंगच असा, की तो मोकाट तुकड्यांना गाठून गप्प बसवतो. पेरॉक्साइड बिचारं फुटत होतं, तुकडे निघत होते, आणि हळद त्यांना पुढं जाऊच देत नव्हती. राळेचा डबा मुळात पिवळसर, त्यामुळं मिस्त्रीला कळलं नाही. डबा तिरपा केला, तळाशी हळदीचा गाळ. मी कोऱ्या राळेची एक वाटी लावली आणि हळद घातलेली दुसरी. कोरी वाटी चहा होईतो खडक झाली. दुसरीत अजून काडी फिरत होती.

हळद कुणी घातली, यावरून देवळात मोठी बैठक झाली. आप्पांचा शेजारच्या गावावर संशय. मी उठून सांगितलं, की हळद कुठून आली हे विज्ञानाला सांगता येत नाही, ती कधी संपेल एवढं सांगता येतं. एक तुकडा गप्प बसवायला थोडी हळदही खर्ची पडते. पेरॉक्साइड उरलेलं आहे तोवर तुकडे निघत राहणार, ऊन जितकं जास्त तितके जास्त, आणि एकदा हळद दमली की राळ आपोआप घट्ट होणार. म्हणून बैल सावलीतून काढून भर उन्हात नेला. शनिवारी मी छत्री घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि घटकेघटकेला काडी टोचून बघत राहिले. बायका येऊन विचारून जायच्या, ताप उतरला का म्हणून. ऊन कलायला लागलं तेव्हा मिस्त्रीनं बैलाच्या पाठीवर बोटानं टिचकी मारली. टणकन आवाज आला. मला हसू आणि रडू एकदमच आलं. आप्पांनी सगळ्यांसमोर मला उचलायचा प्रयत्न केला, कंबर धरली तेव्हा सोडून दिला. रविवारी उद्घाटन दणक्यात झालं. टॉवेल निघाला नाही, त्यावरूनच रंग दिला. बैलाला झूल आहे असं लोक समजतात.

आणि खरी गंमत पुढंच. सोमवारी दोन्ही वाट्या घेऊन मी लतिका मॅडमांकडं गेले. वर्षभर जे धावत होतं, ते हळदीनं रोखून धरलं होतं. किती वेळ रोखलं त्यावरून तुकडे किती वेगानं निघतात ते मोजता येतं. मॅडम खुर्चीतून उठल्या, वाटी उजेडात धरली, आणि म्हणाल्या, "दिपाली, हा तुझा प्रबंध आहे." मग त्यांनी मला कुंदा खायला नेलं.

मामींना नमस्कार.

आपली भाची,
दिपाली

ता. क. त्या बुधवारी निपाणीचे पाव्हणे आले होते, शुभ कामात मोकळ्या हातानं कसं यायचं म्हणून त्यांनी भंडाऱ्याची पुडी राळेच्या डब्यात सोडली, असं ज्योतिबा मिस्त्री मला एकटीला म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाला अडवायचं कसं, म्हणून तो गप्प बसला. मीही गप्पच आहे. फक्त पुडी अख्खी सोडलीत की थोडी, तेवढं कळवा. त्याशिवाय माझा हिशेब बसत नाही.

दुसरं ता. क. थोडी उरली असेल तर पाठवा. मॅडम आभारांत तुमचं नाव घालणार आहेत. इंग्रजीत आहे, आप्पा वाचणार नाहीत.

तिसरं ता. क. आईला यातलं काही माहीत नाही. मी पाकिटावर पत्ता घालताना ती एवढंच म्हणाली, "अण्णाला लिव्ह, फुडल्या बारीला येताना नारळ आण म्हणावं."